दुसरी घागर

आखाजी जवळ आली की माझी सून दरवर्षी विचारते, "आई, यंदा घागरी किती आणायच्या?" प्रश्न साधा आहे. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या लहान घागरी पाण्याने भरायच्या, वर डांगर ठेवायचं, डांगर म्हणजे खरबूज, आणि सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा. ऐन उन्हाळ्यात गेलेल्यांनाही तहान लागत असेल, अशी आमच्या बायकांची समजूत. जळगावात आता रस्त्याच्या कडेला हातगाडीवर घागरी मिळतात, सून स्कूटरवर जाऊन घेऊन येते. सासरच्या घागरी किती ते तिला पाठ आहे. माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही म्हणून त्यांच्याही घागरी इथेच भरतो, त्यांचा आकडा मी सांगते आणि आतल्या खोलीत जाऊन बसते. तिला वाटतं, म्हातारीला माहेर आठवलं. माहेर आठवतं हे खरंच आहे. पण मी आत जाऊन बसते ती लाजेने, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नव्वदी उलटली आहे. आता लिहून टाकते.

आमचं गाव तापीच्या काठी होतं, जळगावच्या पूर्वेला. धाब्याचं घर, पुढे ओटा, मागे गोठा, आणि गावाबाहेर नदीच्या अंगाला केळीची बाग. त्या बागेचा आवाज अजून माझ्या कानात आहे. वारा नसला तरी केळीची फाटकी पानं आपसात कुजबुजत असतात आणि विहिरीवर मोटेचं चाक पहाटेपासून कुरकुरत असतं. घरात आम्ही पाच माणसं. वडील, त्यांना सगळे आबा म्हणत. माय. माझा भाऊ मुरलीधर, त्याला मी भाऊच म्हणायची. त्याची बायको, माझी वहिनी, एकोणीस वर्षांची असेल. आणि मी, शेंडेफळ, भावापेक्षा बारा वर्षांनी लहान. मधली चार भावंडं आली आणि गेली, त्यांचं कोणी बोलत नसे.

भाऊ जळगावला राहून मॅट्रिक झाला आणि खादीची टोपी घालून परत आला. आबांना वाटलं होतं की पोरगा कचेरीत चिकटेल. तो चिकटला चळवळीला. पण तो काही फोटोतल्यासारखा गंभीर देशभक्त नव्हता. खादाड होता. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे आली की वंदे मातरम् विसरायचा. गाणं म्हणायची हौस होती आणि गळा असा की गोठ्यातली गाय मान वळवून बघायची. मला टकळीवर सूत काढायला त्याने शिकवलं. माझं सूत दर वितीला तुटायचं आणि तो म्हणायचा, "इंदे, तुझ्या सुताचा सदरा घालून लढाईवर गेलो तर साहेब हसून हसून मरेल." गावात कोणाकडे काय शिजलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे सगळं मी दिवसभर गोळा करायची आणि संध्याकाळी घरी सांगायची. म्हणून त्याने मला नाव ठेवलं होतं, तार. मी शाळेतून आले की ओट्यावरून ओरडायचा, "आली आमची तार! बोला, काय बातमी?"

बेचाळीसच्या त्या पावसाळ्यात मोठी माणसं पकडली गेली आणि गावोगावची पोरं उठली. भाऊ आणि त्याच्याबरोबरची तिघं जणं रेल्वेच्या कडेच्या टेलिग्राफच्या तारा कापत सुटली. एके दिवशी तारा कापून आला, हात खरचटलेले, आणि माझी वेणी ओढून म्हणाला, "सरकारच्या साऱ्या तारा कापल्या, ही एक मात्र कापता येत नाही." आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

त्यानंतर आठवडाभरात पोलिसांनी त्याला नदीच्या दरडीवर गाठलं. तापीला पूर होता. त्याने उडी मारली. दोन कोसांवर त्याचा फाटका सदरा बाभळीच्या काट्यांत अडकलेला सापडला, तो घेऊन पोलीसच घरी आले. माय तीन दिवस जेवली नाही. पाण्याचा घोट घेतला तरी तिला भडभडून यायचं. म्हणायची, "हेच पानी त्याच्या पोटात गेलं अशीन."

मग एका दुपारी दारात डिंक विकणारा आला. काळा, सडपातळ, डोंगराकडचा माणूस. मायने डिंक नको म्हटलं तरी तो हलेना. टोपलीच्या तळातून त्याने एक टकळी काढून ओट्यावर ठेवली. भावाची टकळी, तिच्या चकतीला एका बाजूने टवका उडालेला. "साक्रीकडला डोंगरमा शे," तो हळूच म्हणाला, "जित्ता शे, माय. पायले थोडं लागेल शे, बाकी बठ्ठं बरं शे."  मायने त्या माणसाला डिंकाच्या बदल्यात घरातली होती नव्हती तेवढी ज्वारी दिली. मी दाराआड उभी होते, म्हणून मला कळलं. नसते तिथे, तर फार बरं झालं असतं.

पोलिसांची येरझार मात्र थांबली नव्हती. प्रेत सापडलं नाही म्हणून त्यांना संशय होताच. दर चार दिवसांनी जमादार यायचा, ओट्यावर बसून चहा मागायचा आणि वहिनीकडे बघत म्हणायचा, "हिला चावडीवर बसवली की येईल नवरा धावत." आबा बोलके नव्हते. त्यांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मायला सांगितलं, "मेल्या मानसाले कोनी शोधत नही. आपुन त्याचं सारं करून टाकू."

प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आबांनी तापीच्या काठी जिवंत मुलाचा पुतळा जाळला. भटजीला खरं माहीत नव्हतं, भाऊबंदांना नव्हतं, सारा गाव रडत होता. आबाही रडले. ते रडणं खोटं होतं की खरं, ते मला कधी कळलं नाही. घरी बायकांनी वहिनीला अंगणात बसवलं आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दगडावर फोडल्या. तिचा नवरा जिवंत आहे हे तिला ठाऊक होतं आणि तिला हंबरडा फोडायचा होता. तिने तो असा फोडला की शेजारच्या म्हाताऱ्या घाबरल्या. त्या संध्याकाळी दार लावून मायने काळ्या पोतीचे चार मणी दोऱ्यात ओवले आणि वहिनीच्या दंडाला, चोळीच्या बाहीखाली, बांधले. "हे कोनाले दिसनार नही," ती म्हणाली. "तू सवाशीन हायेस. इसरू नको."

मला आबांनी विहिरीवर नेलं. ओंजळीत पाणी धरायला लावलं. "भाऊ जित्ता हाये हे तोंडातून निंघालं तर त्याले फाशी होईन. समजलं?" मी पाणी सोडलं. मला समजलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला फाशी समजते.

पंधरा ऑगस्टला मला शाळांमधून बोलावणी येतात. मुलं विचारतात, "आजी, तेव्हा तुम्हाला स्वातंत्र्याबद्दल काय वाटायचं?" मी चार शब्द बोलते, टाळ्या होतात. खरं सांगायचं तर मला स्वातंत्र्याबद्दल काही वाटत नव्हतं. मला वहिनीचे मोकळे हात दिसायचे. ती भाकरी थापायची तेव्हा पूर्वी बांगड्यांचा आवाज यायचा, आता नुसता पिठावर हात पडल्याचा धपधप आवाज. आणि मला सतत भीती वाटायची की मी झोपेत बोलेन. मी शाळेत गप्प राहू लागले. घरी येऊन बातम्या सांगणं बंद झालं. गुरुजी म्हणायचे, भावाच्या दुःखाने पोरगी सुकली.

हिवाळा गेला. डिंकवाला दोनदा येऊन गेला. पोलीस यायचे थांबले. आबांचा बेत फत्ते झाला होता. आणि मग उन्हाळा लागला, केळीला दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि आखाजी आली.

आबांच्या घरात तोवर एकच घागर भरत, माझ्या आजोबांची. यंदा गावाच्या हिशेबाने दोन हव्या होत्या. भावाचं ते पहिलंच वर्ष. गेलेल्याच्या पहिल्या आखाजीला त्याची घागर चुकवणं म्हणजे आमच्याकडे फार मोठा दोष. चार दिवस आधी आबांनी सहज म्हटलं, "इंदूले कुंभाराकडे धाडजो. दोन आन म्हना." माय चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मी दुसरी भरनार नही."

"म्हंजे?"

"पुतयाले आग देली, मी बोलली नही. पोरीच्या बांगड्या फोडल्या, मी बोलली नही. पन जित्या पोराच्या नावानं पानी सोडू? माह्या हातानं? मंग तो खरंच जाईन."

"अवं, येडी का तू? पुतया चालला, अन् घागर नही चालत?"

"पुतया तुम्ही केला. घागर माय भरते."

आबांनी खूप समजावलं. रागावले. "गाव पाहीन. कोनी इचारलं त काय सांगू?" माय म्हणाली, "सांगा, बाई येडी झाली." आज मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं, आबांचंही बरोबर वाटतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की मायला भीती वाटते आहे. आणि आणखी एक गोष्ट मला दाराआडून कळली होती. तिने डिंकवाल्याबरोबर निरोप धाडला होता. आखाजीला दुपारी सारं गाव जेवून आडवं होतं, त्या वेळी बागेत ये, मांडे खाऊन जा. वर्ष होत आलं, पोरगं घरचं जेवलं नव्हतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी मायने माझ्या हातात ज्वारीचं मापटं दिलं. "एक आन," ती म्हणाली. आबा गोठ्यात होते. मी एकच आणायला निघाले.

सोमाबाबा कुंभाराचं घर गावाच्या पश्चिमेला. अंगणात नव्या लाल घागरींच्या ओळी मांडलेल्या होत्या आणि बायकांची गर्दी होती. सोमाबाबा प्रत्येक घागर हातात घेऊन बोटाने टकटक वाजवून द्यायचा. माझ्या पुढे आमच्या गावच्या पोलीस पाटलाची बायको होती, आम्ही तिला पाटीलकाकू म्हणत असू. जाडजूड, हसरी, मला नेहमी शेंगदाणे देणारी बाई. तिने आपल्या तीन घागरी घेतल्या आणि पदर सावरत तिथेच बोलत उभी राहिली. मी मापटं पुढे केलं.

"एक द्या."

सोमाबाबाने माझ्याकडे पाहिलं. "एकच? अन् तुह्या भाऊची वं, पोरी? पह्यलंच साल ना त्याचं?"

मी म्हटलं, "एकच सांगितली."

पाटीलकाकूने हनुवटीला बोट लावलं. "बाप्पा! वरीस नही झालं त इसरल्या का त्याले? असा गुनी पोरगा, अन् त्याले पान्याची एक घागर नही?"

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. कोणीतरी चुकचुकलं. भावाला आम्ही विसरलो. हे मला सहन झालं नाही. आठ महिने मी त्याच्यासाठी तोंड शिवून बसले होते, मैत्रिणी सोडल्या, शाळेत बोलणं सोडलं, आणि ही बाई म्हणते, विसरल्या. माझे कान तापले. मी म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं, "आम्ही काई इसरलो नही. माय म्हने, जित्या मानसाची घागर भरत नही!"

सोमाबाबाचं बोट घागरीवर वाजवता वाजवता थांबलं. पाटीलकाकूचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग सोमाबाबा घाईघाईने म्हणाला, "मायचा जीव असा असते. तिले वाटते, पोरगा येईन." त्याने सावरून घेतलं बिचाऱ्याने. माझ्या हातात घागर दिली आणि मापटं न मोजताच ओतून घेतलं.  पाटीलकाकू आपल्या तीन घागरी घेऊन घरी गेली. तिने नवऱ्याला मुद्दाम सांगितलं, की जेवायला वाढता वाढता सहज निघालं, की पाटलाने आपलं वतन वाचवण्यासाठी तिच्याकडून काढून घेतलं, हे मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. तिचा राग करण्याचा अधिकार मला नाही.

घरी जाऊन मी घागर ठेवली आणि काही सांगितलं नाही. सोमाबाबाने सावरलं आहे, मी स्वतःला बजावत राहिले.

आखाजीच्या दिवशी भल्या सकाळी मायने मला बागेत पाठवलं, नैवेद्याला केळीची पानं आणायला. तिची स्वतःची अजून आंघोळ व्हायची होती, घागर भरायची होती. उजाडलं होतं. आदल्या दिवशी पाणी दिल्यामुळे पाटाकडेची माती ओली होती. मी पान कापायला वाकले आणि त्या मातीत बुटांचे ठसे दिसले. एक नव्हे, पुष्कळ. टाचेला नाल मारलेले बूट. आमच्या गावात वहाणा होत्या, बूट कोणाकडे नव्हते. ठसे बागेच्या आत गेले होते आणि बाहेर आलेले नव्हते. एका बुंध्यापाशी विडीचं थोटूक पडलं होतं. बाग नेहमीसारखी कुजबुजत होती. मी दोन पानं कापली आणि पळत घरी आले.

मला कळलं होतं का? होय. पूर्ण नाही, पण कळलं होतं. जिवंत पोरगा सणाला मायला भेटायला येणार आणि यायचं तर गावाबाहेरच्या बागेतच येणार, हे पोलिसांनाही ताडता येतं. वकिली करायची तर म्हणता येईल की लहान होते. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे, दहा वर्षांच्या मुलांना किती कळतं ते मला चांगलं माहीत आहे. मला हेही कळलं होतं की ठशांचं सांगितलं तर आबा विचारतील, पोलिसांना कसं कळलं? मग कुंभाराच्या अंगणातलं सांगावं लागेल. मी पानं चुलीपाशी ठेवली. माय न्हाऊन आली होती. तिने आजोबांची घागर भरली, वर डांगर ठेवलं, चुलीतल्या निखाऱ्यावर घास सोडून आगारी दिली. शेजारची काशीबाई विस्तव न्यायला आली, तिने त्या एकुलत्या घागरीकडे बघितलं आणि विस्तव घेऊन गेली. मायने तिचं बघणं पाहिलं.

मग मांडे सुरू झाले. उलट्या खापरावर मांडा भाजायचा तर दोघी लागतात. मायने पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत लुगड्याच्या पदराएवढा केला आणि खापरावर टाकला, वहिनीने कडा सोडवल्या. वहिनीने त्या दिवशी केस धुतले होते. कोणाला दिसणार नव्हतं, तरी धुतले होते. ती बागेत येऊ शकणार नव्हती, विधवेने सणाच्या दिवशी बाहेर पडणं गावाच्या डोळ्यांवर आलं असतं. तिने सर्वांत पातळ उतरलेला मांडा वेगळा काढला, चौघडी घातली आणि मायला म्हणाली, "हा वरती ठेवजा, आत्याबाई." मी खापराच्या धुरात बसून रस पिळत होते. आंब्याची कोय हातात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगते, हा आंबा झाला की सांगते.

दुपारी गाव जेवून झोपलं. निंबाला बांधलेले पोरींचे झोके रिकामे लोंबत होते. मायने डोक्यावर दुरडी घेतली, मी हातात रसाचा तांब्या. रस्ता पायांना भाजत होता. मी तीनदा हाक मारली.

"माय."

"काय वं?"

"काई नही."

तिसऱ्या वेळी ती थांबली आणि माझ्याकडे वळून हसली. आठ महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "घाबरू नको," ती म्हणाली, "तुले पाह्यल्याबरोबर तो बातमी इचारीन." त्या हसण्यापुढे माझ्या तोंडातून शब्द निघणं शक्य नव्हतं. असं मी स्वतःला सांगते.

भाऊ विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथे, उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पायावर जखमेचा वण, पण हसणं तेच. मायने दुरडी खाली ठेवली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बोला तारसाहेब, काय बातमी?" आणि वरचा मांडा उचलून रसात बुडवला. दोन घास त्याने खाल्ले. दोनच. मी मोजले आहेत. तिसरा हातात असताना केळीतून शिट्टी वाजली.

तो नदीकडे पळाला. उन्हाळ्यातली तापी म्हणजे नुसती वाळू, लपायला झुडूप नाही. बंदुकीचा आवाज झाला तेव्हा झोपलेलं सगळं गाव उठलं. गोळी मांडीत लागली होती. त्याला फरपटत आणून विहिरीच्या कठड्याला टेकवलं, माय त्याच्या अंगावर पडली, तिला बाजूला ओढलं. ओट्यावर चहा मागणारा तो जमादार मूळचा साक्रीकडचा होता, तो दुरडीतला एक मांडा उचलून खात म्हणाला, "माय, घरमा एकच घागर भरी ना? पोऱ्यानी घागर कोठे शे?" 

भावाला भुसावळला नेलं, तिथून धुळ्याकडे. आबा खेटे घालत राहिले, भेट मिळाली नाही. एकदाच धुळ्याच्या स्टेशनावर, बेड्या घातलेल्या माणसांची रांग गाडीत चढवत होते, तेव्हा लांबून दिसला. आबांनी हाक मारली. त्याने मान वळवली आणि ओरडून सांगितलं, "आमच्या तारेला सांगा, मी बरा हाये!" आबांनी घरी येऊन मला हे शब्दन् शब्द सांगितलं. त्यांना वाटलं, मला आनंद होईल. पावसाळा संपता संपता एक कार्ड आलं. जखम चिघळून ताप भरला आणि भाऊ गेला. प्रेत मिळालं नाही.

आबा भटजीकडे गेले. भटजी चांगला माणूस होता, तो रडला. पण म्हणाला, "आबा, त्याचं सगळं केलं आपण. एकदा अग्नी दिलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कसा देणार?" म्हणजे भाऊ खरोखर मेला तेव्हा काहीच झालं नाही. ना अग्नी, ना दहावा, ना तेरावा. वहिनीच्या हातात फोडायला बांगड्या नव्हत्या. मायने तिच्या दंडावरचा मण्यांचा दोरा दाताने तोडला, एवढंच. महिनाभराने वहिनीचे वडील तिला घेऊन गेले. जाताना ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तुझ्या भावानं तुझीच आठवण काढली शेवटी."

घरात बोलणं उरलं नाही. आबांचा राग फक्त एका गोष्टीवर येऊन थांबला होता. जेवताना, बैल सोडताना, काही कारण नसताना ते म्हणायचे, "तुह्या एका घागरीनं पोरगा खाल्ला." माय आपलं काम करत राहायची. काशीबाईने त्या सकाळी एकच घागर पाहिली आणि तिथून बातमी फुटली, असं साऱ्यांनी ठरवलं होतं. मायनेही. काशीबाईशी ती मरेपर्यंत बोलली नाही. आणि मला एकटीला माहीत होतं की काशीबाई आली, त्याच्या आधीच बूट बागेत शिरले होते. घागर भरली गेली नव्हती तेव्हाच. ती दुसरी घागर भरली असती तरी काही फरक पडणार नव्हता. हे एक वाक्य मी बोलले असते तर माय सुटली असती. आबा बारा वर्षं जगले, माय तीस. एक वाक्य.

गावात आता भावाच्या नावाचा दगड आहे. तारा कापणारा शूर तरुण, कोणा फितुरामुळे पकडला गेला, असं त्यावर लिहिलं आहे. उद्घाटनाला मला बोलावून त्यावरचा पडदा माझ्याच हाताने काढवला.

पुढची आखाजी आली तेव्हा मायने स्वतःच मापटं भरून माझ्या हातात दिलं. "दोन आन," ती म्हणाली. मी सोमाबाबाकडे गेले. त्याने दोन घागरी उचलल्या, एक वाजवून पाहिली. दुसरी वाजवली नाही, तशीच हळूच माझ्या कडेवर ठेवली आणि तिची ज्वारी घेतली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला माहीत होतं, मला तेव्हाच कळलं. तोही कधी बोलला नाही.

मायने दोन्ही घागरी मांडल्या. भावाच्या घागरीत तिने काठोकाठ पाणी ओतलं. नवी घागर पाझरते, तिच्या अंगावर ओल चढत गेली. माय तिला कुरवाळत म्हणाली, "पी रे, बाप्पा. मागच्या साली तुले पानी नही देलं. म्या मारलं तुले." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, सांजोरीचं ताट घेऊन उभी होते. आबा बाहेर होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

निंबाखाली पोरींनी झोके बांधले होते, त्यांची गाणी ऐकू येत होती. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "माय, मी झोका खेळू?"

"जाय," ती म्हणाली.

मी गेले. झोक्यावर बसले आणि आखाजीची गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली, घरातलं काही ऐकू येऊ नये म्हणून.